शिकागोच्या तळ्याकाठची सहल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या भूगोलाच्या बाईंचं नाव सांगतो. सिल्वासातल्या मराठी शाळेत त्या आम्हाला पाचवीपासून दहावीपर्यंत होत्या. माझे वडील धुळ्याकडून इथे धाग्याच्या कारखान्यात कामाला आले. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी, आणि ते पाहिलं ते बाईंमुळे.

सहावीत त्यांनी घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला होता. मी सामरवरणीचा रस्ता काढला, कारखान्याची भिंत काढली, पाण्याची टाकी काढली, पण घर काढलं नाही. आम्ही चाळीत पत्र्याच्या एका खोलीत राहायचो आणि ती खोली वर्गाला दिसावी असं मला वाटत नव्हतं. बाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"यात घर नाही. मग तू शाळेत आलास कुठून, आभाळातून?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि एक बारीक चौकोन काढला. त्यांनी तो खोडायला लावून मोठा काढून घेतला. दहावीनंतर वडील मला कारखान्यात चिकटवणार होते, तेव्हा त्याच खोलीत येऊन, खाटेवर बसून, कपभर चहा घेऊन त्यांनी वडिलांकडून शब्द घेतला. मी बी.एस्सी. झालो. आता गलोंड्याच्या एका कारखान्यात धाग्याची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. एसीत बसून काम करतो. वडिलांना याचं अजून नवल वाटतं.

बाई आता सिल्वासात नाहीत. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने त्यांना शिकागोला नेलं. मुलगा माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. गेल्या वर्षी एका रविवारी त्याचा फोन आला. सुरुवातीला तो हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "आईला विसरायला होतंय. म्हणजे चष्मा विसरण्यासारखं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्यात."

मी फोन घेऊन खोलीबाहेर आलो.

"तिला घरात कोंडून ठेवता येत नाही रे. एकटं सोडवत नाही. सकाळी फिरायला जाते, ते बंद करू नका म्हणतात डॉक्टर. आम्ही दोघं तोवर कामाला गेलेलो असतो. तू तिला फोन करत जाशील? ती फिरत असेल तेवढा वेळ. ती शिकवायला लागली की ठीक असते."

"आणि काही झालं तर?"

"तर मला लाव. मी अर्ध्या तासात पोचतो."

मी हो म्हटलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण फोन ठेवल्यावर काय कबूल केलंय ते कळलं. ज्या शहरात मी कधी पाय ठेवला नाही, त्या शहराच्या रस्त्यावर एका बाईला सांभाळायचं, तेही सामरवरणीच्या खोलीत बसून. बायको म्हणाली, "अहो, फोनवर गप्पाच तर मारायच्यात." तिलाही कळत होतं की गप्पा नाहीत.

बाईंना यातलं काही सांगायचं नव्हतं. त्यांच्या फोनवर त्या कुठे आहेत ते दिसायची सोय दादाने करून दिली होती. ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद केली. "गळ्यात घंटा बांधायला मी काय म्हैस आहे?" म्हणून मी विद्यार्थी व्हायचं ठरलं. मला शिकागोबद्दल शिकायचंय, असं मी त्यांना सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की मलाच चोरट्यासारखं वाटलं.

कामावरून आलो की हातपाय धुऊन मी पलंगावर फोन, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. इथे संध्याकाळ, तिकडे सकाळ. लॅपटॉपवर रस्त्यांचे फोटो दाखवणारा नकाशा उघडायचो आणि त्या जसजशा चालतील तसतसा मी बोटाने पुढे सरकायचो. त्यांचं घर शहराच्या उत्तरेला, एजवॉटर नावाच्या वस्तीत. तिथून तळ्याकडे, तळ्याच्या काठाने दक्षिणेला फॉस्टर नावाच्या चौपाटीपर्यंत, आणि परत. एवढाच रस्ता. माझ्या नकाशात तिथे कायम उन्हाळा होता. हिरवी झाडं, अर्ध्या चड्डीतले लोक. बाई म्हणायच्या, "आज नाक गळून पडेल असं वारं आहे." मी हिरव्या झाडांकडे बघत हो म्हणायचो.

त्यांनी वाचनालयातून लहान मुलांची इंग्रजी पुस्तकं आणून, डिक्शनरी घेऊन ते शहर पाठ केलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या गावाचं नाव रानकांद्यावरून पडलंय, मॉनिटर." शाळेत मी वर्गाचा मॉनिटर होतो. माझं खरं नाव त्यांनी त्यानंतर कधी घेतलं नाही. "सगळी दलदल होती. त्यात एक उग्र वासाचा कांदा उगवायचा. इथल्या मूळच्या लोकांनी वासावरून नाव ठेवलं. आता ते लोक कुठे आहेत ते विचार."

"कुठे आहेत?"

"हाकलले. आपल्याकडे वारल्यांची जमीन कुठे गेली, तशीच."

मला सगळ्यात आवडायची ती जॅकची गोष्ट. शहर दलदलीवर सपाट बसलेलं, गटारांना उतार मिळेना. मग लोकांनी काय केलं, तर अख्ख्या इमारती जागच्या जागी वर उचलल्या. खाली हजारो स्क्रूचे जॅक लावले, शेकडो माणसं उभी केली, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम एक फेरा द्यायचा. "वर हॉटेलात माणसं जेवत होती," बाई सांगायच्या, "ताटातली आमटी हलली नाही म्हणतात. खरं-खोटं देव जाणे." मग रस्तेही भर घालून वर आणले. मी कारखान्यात ही गोष्ट सांगितली तेव्हा आमचा फिटर म्हणाला, "सेठला सांगू नका, आपल्याला शेड उचलायला लावेल."

मग नदी. शहराची घाण नदीतून तळ्यात जायची आणि तळ्याचंच पाणी लोक प्यायचे. कॉलरा, टायफॉइड. शेवटी त्यांनी कालवा खणून नदीच उलटी फिरवली. तळ्यात येणारी नदी तळ्यातून बाहेर जायला लागली. "दमणगंगेला सांग बघू, उद्यापासून डोंगराकडे वाहा म्हणून," बाई म्हणाल्या. आणि मोठी आग. शहराचा तिसरा हिस्सा जळाला, आणि जळक्या विटा, राख, लोखंड सगळं तळ्यात लोटून त्यावर बाग केली. त्या रोज ज्या हिरवळीवरून चालायच्या तीही भरावाचीच. त्यांच्या घराजवळच्या मोठ्या रस्त्यापर्यंत एके काळी लाटा यायच्या.

रविवारी दादा त्यांना गाडीतून शहर दाखवायचा आणि सोमवारी माझा तास व्हायचा. पश्चिमेला डेव्हन रस्ता, तिथे साडीची दुकानं आणि हैदराबादी बिर्याणी. जरा खाली अपटाउन, जिथे डोंगरातल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर गोरे गरीब लोक आले, मग व्हिएतनामी आले आणि आता एका रस्त्यावर सगळी नूडल्सची दुकानं आहेत. दक्षिणेला पिल्सन, आधी युरोपातून आलेल्या चेक लोकांचं, आता मेक्सिकोच्या लोकांचं, भिंतींवर भली मोठी चित्रं. त्याच्याही खाली जुने कत्तलखाने, ज्यांच्या वासात तीन पिढ्या जगल्या. ज्या देशात जे काही बंद पडलं, करपलं, तिथली माणसं या शहरात आली. मला हे समजायला नकाशा लागला नाही. आमच्या चाळीत खानदेश, बिहार, ओडिशा एका नळावर भांडतात.

एकदाच बाई चिडलेल्या ऐकल्या. दक्षिणेच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांबद्दल सांगत होत्या. कुणा जुन्या अधिकाऱ्यांनी शहराच्या नकाशावर लाल रंगाने वस्त्या रंगवल्या होत्या: इथे घरासाठी कर्ज द्यायचं नाही. रंग पुसला, पण वस्त्या तशाच राहिल्या. "मी जन्मभर मुलांना नकाशे रंगवायला लावले," त्या म्हणाल्या, "असेही रंगवतात हे मला माहीत नव्हतं."

हे सगळं ऐकताना मी शिकत होतो हे खरं आहे. पण कान दुसरीकडे असायचे. त्यांच्या श्वासाकडे, गाड्यांच्या आवाजाकडे. जॅकची गोष्ट एका आठवड्यात तीनदा झाली तेव्हा मी तीनदा "हो का?" म्हटलं. एकदा त्या म्हणाल्या की आपल्या शाळेची इमारतही अशीच उचलली होती. आणि एक गोष्ट मी दादाला लगेच कळवली. पहिल्यांदा मी त्या पाण्याला समुद्र म्हणालो होतो, तेव्हा त्यांनी मला झापलं होतं: "तळं आहे ते. पलीकडचा काठ दिसत नाही म्हणून समुद्र होत नाही. चव घेऊन बघ, गोडं पाणी." नोव्हेंबरात एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, "आज समुद्र खवळलाय."

दादा म्हणाला, "तू फोन सोडू नकोस." एवढंच.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो दिवस चांगला सुरू झाला. ऊन होतं, बर्फ नव्हतं. बाई आगीबद्दल सांगत होत्या. गायीने कंदिलाला लाथ मारून आग लावली ही गोष्ट कशी खोटी आहे, आणि गरीब स्थलांतरित बाईवर ढकलून सगळे कसे मोकळे झाले. गोष्ट लांबली. फॉस्टरची चौपाटी आली असणार, तिथून त्या रोजच्यासारख्या मागे वळल्या असणार, असं मी धरून चाललो. बोटही मी परतीच्या रस्त्यावर सरकवलं. मध्ये बायकोने भाकरी पुढे ठेवली. मी एक घास खाल्ला असेल.

"घर अजून कसं येत नाही?" बाई म्हणाल्या.

"येईल आता, बाई. पाणी कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. परत येताना तळं उजव्या हाताला हवं. तळं शहराच्या पूर्वेला आहे. उत्तरेकडे चाललं की उजवीकडे पाणी, डावीकडे गाड्यांचा मोठा रस्ता. डावीकडे पाणी म्हणजे त्या अजून दक्षिणेला चालल्या होत्या. वळल्याच नव्हत्या.

"बाई, जरा थांबा. तुम्ही उलट दिशेने जाताय असं वाटतंय."

"मला दिशा शिकवतोस?" त्या रागावल्या नव्हत्या, गंमत वाटल्यासारख्या बोलल्या. "घर उत्तरेला. समुद्र डाव्या हाताला ठेवून चाललं की माणूस उत्तरेला जातो. रत्नागिरीला जन्मले मी."

तेव्हा मला कळलं. त्यांचं गाव कोकणात, अगदी किनाऱ्यावर. तिथे पाणी पश्चिमेला. जन्मभर पाणी पश्चिमेलाच. आतलं सगळं पुसट होत चाललं होतं, पण हे पुसलं नव्हतं, आणि शिकागोत तेच त्यांना घरापासून लांब नेत होतं. जितक्या खात्रीने त्या चालत होत्या तितक्या लांब.

मी हाताने बायकोला खूण केली. तिने तिच्या फोनवरून दादाला लावला. तो उचलत नव्हता.

"बाई, एखादा बाक दिसतोय का? बसा थोडं."

"बसून कसं चालेल? उन्हं उतरली."

"सकाळ आहे, बाई."

"सकाळ? सूर्य पाण्यावर टेकायला आलाय. डोळ्यांनी दिसतंय मला."

तिथे सकाळचे नऊ वाजून गेले होते. हिवाळ्यातला सूर्य तळ्यावर खालीच होता. पण कोकणातल्या माणसाने पाण्यावर खाली आलेला सूर्य पाहिला की त्याच्यासाठी ती संध्याकाळच. त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी वीस-बावीस वर्षांत ऐकला नव्हता. शाळेतला आवाज.

"मॉनिटर, मुलं कुठे आहेत?"

मी "बाई" म्हणेपर्यंत त्याच पुढे बोलू लागल्या.

"भरती यायच्या आत निघायला हवं. सगळ्यांना घे. चपला बघ कुणाच्या राहिल्या का. पाण्यात कोण आहे ते बघ आधी."

आठवीत त्यांनी आमची सहल दमणला नेली होती, समुद्रावर. आम्हा निम्म्या मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. संध्याकाळी परत निघताना बाई वाळूत उभ्या राहून आम्हाला पुन्हा पुन्हा मोजत होत्या. आता त्या तिथे होत्या, आणि मी त्यांना शिकागोत कसं आणणार होतो?

बायकोने फोन पुढे केला. दादा लागला होता. मी तिला फक्त म्हटलं, "त्याला सांग, दक्षिणेला. कुठे ते विचारतोय." आणि बाईंना म्हणालो, "बाई, तिथे काय काय दिसतंय? टेकडी आहे का?"

"आहे ना. हिरवी. मुलांना चढू देऊ नकोस, घसरतील."

एवढ्या सपाट शहरात त्या काठाला तशी एकच टेकडी आहे, तीही भरावाची. तिला क्रिकेटची टेकडी म्हणतात. बाईंनीच मला हसत हसत सांगितलं होतं. म्हणजे मॉन्ट्रोजचा रस्ता. घरापासून त्या तासाभराच्या अंतरावर पोचल्या होत्या. बायकोने दादाला "मॉन्ट्रोज, टेकडीपाशी" असं सांगितलेलं मी ऐकलं. तो म्हणाला निघतोय, आणि तिला पाण्यापासून लांब कर.

पाण्यापासून लांब करायचं तर एकच वाट होती. काठ आणि शहर यांच्यामध्ये आठ पदरी रस्ता वाहतो, तो ओलांडता येत नाही; त्याच्या पोटातून जाणारे बोगदे आहेत. टेकडीपासून थोड्या अंतरावर असा एक आहे. पलीकडे माणसं, दुकानं, बसथांबे. पण त्या मुलांना सोडून बोगद्याकडे जायला तयार नव्हत्या. त्यांचा आवाज पाण्याकडे तोंड केल्यासारखा येत होता, लाटा जवळ वाजत होत्या. "त्या मुलीला बोलाव," त्या म्हणाल्या, "ती पुढे चाललीये," आणि पावलांचा आवाज बदलला. फरसबंदीचा होता, तो दगडांवरचा झाला.

मी खोटं बोललो.

"बाई, सगळी मुलं बसमध्ये बसलीत. मी मोजली. बस बोगद्याच्या पलीकडे उभी आहे. फक्त तुम्ही राहिलात."

"सगळी?"

"सगळी. ड्रायव्हर हॉर्न देतोय. या लवकर."

पावलं थबकली. मग पुन्हा फरसबंदी. मी त्यांना पाण्याकडे पाठ करायला सांगितलं, गाड्यांच्या आवाजाकडे चालायला सांगितलं. बोगदा आला असावा, कारण त्यांचा श्वास घुमायला लागला. मग एकदम काही नाही. मी पुन्हा लावला. बंद. थंडीत फोनची बॅटरी बसते हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं ते वेगळंच होतं, आणि ते मी बायकोलाही सांगितलं नाही.

आम्ही दोघं पलंगावर बसून होतो. बाहेर चाळीत कुणाचा तरी टीव्ही लागला होता, कुणी भांडी घासत होतं. माझ्यासमोर लॅपटॉपवर तो बोगदा उघडा होता: उन्हाळा, एक मुलगी सायकलवर, भिंतीवर चित्रं. मी त्यात पुढे जाऊन पलीकडे निघायचो, परत मागे यायचो. तिथे बस असतेच असं नाही. मी ते न पाहताच बोललो होतो.

दादाचा फोन आला तेव्हा बायकोने उचलला. "सापडल्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

बस होती. शहराची साधी बस, शेवटच्या थांब्यावर उभी. तिची ड्रायव्हर एक जाडजूड काळी बाई. आपल्या बाई दारात चढल्या, आत पाहिलं, आणि आत चार अनोळखी लोक. मग त्या दारातच उभ्या राहिल्या आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मराठीत आकडे म्हणायला लागल्या. ड्रायव्हरने त्यांना हटकलं नाही. स्वतःचे हातमोजे काढून त्यांच्या हातात घातले, हीटर वाढवला, बाईंच्या कोटाच्या आत शिवलेल्या पट्टीवरचा दादाचा नंबर वाचून त्याला लावला आणि बस तशीच थांबवून ठेवली. दादा पोचला तर बाई उतरायला तयार नाहीत. आकडा पुरा होत नव्हता.

मला वाटलं होतं, त्या दोन दिवसांत विसरतील. फिरणं त्या विसरल्या, आग विसरल्या, ड्रायव्हर विसरल्या. मुलं विसरल्या नाहीत.

"रोज संध्याकाळी विचारते, मुलं आली का," दादा म्हणाला. "आज पहाटे दार उघडून बाहेर उभी होती. स्वेटर न घालता. म्हणाली, समुद्रावर जाऊन बघून येते. तू तिला नेमकं काय सांगितलंस?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "दुसरं काय करणार होतास तू." पण त्याच्या आवाजात थकवा होता.

"मी बोलू का त्यांच्याशी?"

मागून बाईंचा आवाज आला, स्वच्छ. "मॉनिटर असेल तर मला द्यायचा नाही. बसमध्ये एकही मूल नव्हतं. मला म्हणाला सगळी आहेत."

त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही. दादाने दाराला वरची कडी बसवली, सूनबाई घरून काम करायला लागली. पण अशी कडी किती दिवस पुरते? रोज संध्याकाळी पावणेआठ वाजले की मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. शेवटी दादाच म्हणाला, कागदावरचं आई अजून मानते, वाचून दाखवलं तर ऐकते. म्हणून मी आमच्या वर्गातली मुलं शोधायला निघालो. आठवडाभर कामावरून सुटलो की मोटरसायकल घेऊन फिरलो. मग हे पत्र लिहिलं, फोटो काढून दादाला पाठवलं आणि मूळ कागद पोस्टाने टाकला.

*

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

मी तुमचा आठवी ब चा मॉनिटर. तुम्ही मला ओळखलं नाहीत तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत ऐका.

त्या दिवशी बसमध्ये मुलं नव्हती. मी सगळी बसलीत म्हणालो ते खोटं होतं. तुम्ही दगडांवरून पाण्याकडे चालला होतात आणि मला काहीही करून तुम्हाला तिथून बाहेर काढायचं होतं. तुम्ही माझ्यावर रागावलात ते बरोबर आहे. मुलं न मोजता मोजली म्हणणारा मॉनिटर काय कामाचा?

म्हणून आता खरोखर मोजून कळवतो. पहिल्या बाकावरची लांब वेण्यांची मुलगी, जी पाण्यात पुढे चालली होती असं तुम्ही म्हणालात, ती अथालला आहे. तिचं शिलाईचं दुकान आहे, दोन मुली आहेत. मी तिच्या दुकानात बसून चहा पिऊन आलो. तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघी जणी, एक नर्स झाली, एक वापीला दिली. ज्याची चप्पल वाळूत राहिली होती तो टेम्पो चालवतो. मी तुमचं विचारलं तर म्हणाला, बाईंनी मला बसमध्ये स्वतःचा रुमाल पाय पुसायला दिला होता. मला हे माहीत नव्हतं. मागच्या बाकावरची गलोंड्याची पोरं सगळी आहेत, दोघं माझ्याच कारखान्यात आहेत, जाडी झालीत. कुणी शिक्षक झालं, कुणी गावाला परत गेलं, एक जण दुबईला आहे, त्याच्याशी फोनवर बोललो. ही सगळी मुलं त्या दिवशी दमणहून घरी पोचली होती, बाई. तुम्हीच पोचवली होतीत. प्रत्येकाला गल्लीच्या तोंडाशी उतरवून, दिवा लागलेला दिसेपर्यंत बस थांबवून.

एकाचा पत्ता मला लागलेला नाही. खिडकीपाशी बसणारा, कुणाशी न बोलणारा. त्याचे वडील दुसऱ्या कारखान्यात गेले आणि ते लोक सिल्वासा सोडून गेले, एवढंच चाळीत कळलं. तो सहलीला आला होता की नाही हेही मला आता आठवत नाही. त्याची मलाही काळजी वाटते. तुम्हाला तो सापडला म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही निवांत झाला असतात, दादालाही तेच बरं वाटलं असतं. पण मी तुम्हाला पुन्हा न मोजलेला आकडा देणार नाही.

तुम्ही त्याच्यासाठी दार उघडून बाहेर जाऊ नका. तिकडे फार थंडी आहे, आणि तो त्या पाण्याकडे गेलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. त्याला शोधायचं काम मॉनिटरचं आहे. येत्या रविवारी मी वापीला जाणार आहे, तिथल्या कारखान्यांत विचारणार आहे. सापडला की कळवीन, नाही सापडला तरी कळवीन.

तोवर तुम्ही सहलीच्या बसमध्येच बसा, बाई. ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे, तो थांबेल.

तुमचा,
मॉनिटर